लंडनच्या ‘सिटी’त शनिवारी वेदरस्पूनला जायचं असेल तर

तुमचा प्रश्न असा: शनिवारी दुपारी मॉन्युमेंट-बँक या भुयारी रेल्वे स्टेशनांच्या भागात चौघं जण असणार, दोघं शाकाहारी, एक जण अजिबात पीत नाही, तिथल्या वेदरस्पून साखळीच्या स्वस्त पबमध्ये जेवता येईल का आणि तिथली रीत काय?

जेवता येईल, आणि निवांत बसायचं तर वारही बरोबर निवडलाय. ‘सिटी ऑफ लंडन’ हा बँका आणि विमा कंपन्यांचा जेमतेम एक चौरस मैलाचा भाग. २०२१च्या जनगणनेत इथं राहणारे साधारण ८,६०० भरले, कामाला येणारे मात्र ६ लाखांच्या वर. त्यामुळे शनिवार-रविवारी हा भाग रविवारच्या फोर्टसारखा ओस असतो आणि बरेच पब सरळ कुलूप लावतात. खरी झुंबड गुरुवारी संध्याकाळी. घरून काम सुरू झाल्यापासून शुक्रवारची गर्दी ओसरली आहे. गुरुवारी सहानंतर चौघांना टेबल मिळेल या भरवशावर जाऊ नका.

पब कोणता? ग्रेसचर्च स्ट्रीटवरचा ‘क्रॉस कीज’. मॉन्युमेंट स्टेशनहून चालत चार-पाच मिनिटं, लेडनहॉल मार्केट अगदी जवळ. ही इमारत १९१३च्या सुमाराची, हाँगकाँग अँड शांघाय बँकेच्या लंडन कार्यालयाची. संगमरवरी खांब, उंच छत आणि पूर्वीच्या बँकेच्या दालनात मधोमध मोठा बार. माझ्या मते इथं यायचं ते या दालनासाठी. जेवण सोय म्हणून. सकाळीच वेदरस्पूनच्या ॲपवर त्या दिवसाची वेळ पाहा, कारण सिटीतल्या शाखांच्या सुट्टीच्या वेळा वेगळ्या असतात. बंद निघालाच तर टॉवर ऑफ लंडनसमोरचा ‘लिबर्टी बाउंड्स’ किंवा लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनातला ‘हॅमिल्टन हॉल’ (जुन्या ग्रेट ईस्टर्न हॉटेलची बॉलरूम) गाठा. दोन्ही चालत दहा-पंधरा मिनिटांवर.

आत गेल्यावर कोणी बसवायला येत नाही. रिकामं टेबल धरा आणि त्यावरचा नंबर पाहा. मग दोन वाटा. एक, बारवर जाऊन टेबल नंबरासकट सगळी ऑर्डर एकदम सांगायची आणि तिथंच पैसे द्यायचे. रांग नसते, पण आधी कोण आलं हे बारवाले लक्षात ठेवतात. नोट हलवून किंवा हाक मारून काही साधत नाही. पेयं स्वतः उचलून न्यायची, जेवण टेबलावर येतं. दुसरी वाट ॲपची: दोन्ही टेबलावर येतात. गफलत होते ती शाखा निवडताना. सिटीत शाखा जवळजवळ असल्याने चुकीची निवडली की तुमच्या चिप्स (म्हणजे तळलेल्या बटाट्याच्या गरम फोडी) दुसऱ्याच पबातल्या त्याच नंबराच्या टेबलावर जातात. काटे-चमचे आणि सॉस बाजूच्या स्टँडवरून आपणच घ्यायचे. टिप अपेक्षित नाही.

भारतीय कार्ड वापरणार असाल तर निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये परदेशातले व्यवहार चालू करून ठेवा, नाहीतर कार्ड नाकारलं जाईल. पबच्या ॲपमध्ये ओटीपी लागू शकतो आणि भारतीय सिम बंद असेल तर तिथंच अडतं. अशा वेळी बारवर जाऊन पिन टाका. मशीनने ‘पौंड की रुपये’ विचारलं तर पौंड. रुपयांचा दर नेहमी महागात पडतो. भाव शाखेगणिक बदलतात, सिटीत उपनगरांपेक्षा चढे, तरी शेजारच्या पबांपेक्षा बहुधा कमीच.

शाकाहाऱ्यांसाठी मेनूवर खुणा असतात. मंगलोरी फ्लॉवर-पालक करी बऱ्याच काळापासून दिसते, सोबत भात, नान, पापड. घरच्या चवीची आशा ठेवू नका, पोट भरतं. चिप्स घेण्याआधी मासे त्याच तेलात तळतात का ते विचाराच.

न पिणाऱ्यासाठी सगळ्यात फायद्याचं म्हणजे चहा-कॉफी: एकदा पैसे देऊन कप घ्यायचा आणि यंत्रावरून पुन्हा भरून घ्यायचा. साधं पाणी इंग्लंडमध्ये परवानाधारक जागेत मागितलं की फुकट द्यावंच लागतं, कायदाच आहे.

आता बिअर. हातपंपावरची कास्क एल, म्हणजे पिपातच मुरणारी पारंपरिक ब्रिटिश बिअर, ११ ते १३ अंश सेल्सिअसवर देतात. आपल्याकडच्या बर्फगार बिअरची सवय असलेल्याला ती ‘गरम’ वाटते, पण तशीच असायला हवी. पिपाला तोटी लागली की साधारण तीन दिवसांत ती संपायला हवी, नंतर हवा लागून आंबट होते. शांत भागातली खरी अडचण हीच: शनिवारी गिऱ्हाईक कमी, त्यामुळे कमी खपणारा पंप शिळा असू शकतो. म्हणून बारवर ‘सध्या कोणती जास्त चालते’ विचारा, घोटभर चव मागा (कास्क एलची चव सहसा फुकट देतात), आणि आधी अर्धा पाइंट, म्हणजे २८४ मिली घ्या. पंपावरची पाटी उलटी फिरवलेली असेल तर ती बिअर संपली. व्हिनेगरसारखा वास आला तर ग्लास परत न्यावा. बदलून देतात, त्यात संकोचण्यासारखं काही नाही. कडक शाकाहाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: पुष्कळशी कास्क एल निवळवायला माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ वापरतात. व्हीगन लिहिलेलीच घ्या.

पिण्यासाठी वय १८, पण २१-२५च्या खालचे दिसलात तर ओळखपत्र मागतात. आधार चालत नाही, मूळ पासपोर्ट लागतो. लहान मुलं असतील तर त्या शाखेचे नियम आधी पाहा; प्रत्येक ठिकाणी मुलांना आत घेतात असं नाही, आणि घेतात तिथं सोबत मोठ्यांनी जेवण घ्यावं लागतं.

आणि स्वच्छतागृह विचारूनच शोधा. जुन्या इमारतींमुळे या साखळीत ते जिना चढून किंवा उतरून, बरंच लांब असणं नेहमीचंच. गुडघे दुखणारं कोणी बरोबर असेल तर बारवर सांगा, त्याच मजल्यावर, जिना न लागणारी वेगळी सोय असेल तर ती दाखवतात.