चारी मुंड्या चीत: एका माणसाला चार मुंड्या कशा?

प्रश्न असा आलाय की प्रचारात नेते समोरच्याला 'चारी मुंड्या चीत करू' म्हणतात ती मुंडी छाटायची भाषा आहे का, आणि ही मंडळी एवढं हिंसक बोलतात का.

नाही हो, मुंडीचा काहीएक संबंध नाही! परवा परत बातम्यांत 'चारही मुंडकी चीत' ऐकलं आणि डोकं तापलं. काही जाणकार सांगतात चारी दिशांना मुंडी फिरेल असा आपटायचा, अहो पण कुस्तीत मुंडी कुठे फिरली त्याला किंमतच नाही, पाठ टेकली की निकाल. खरा शब्द मुंढा, म्हणजे खांदा. ब्लाऊज शिवायला टाका, टेलर काखेतून टेप फिरवून वहीत 'मुंढा सोळा' लिहितो, तोच हा. आणि हिंदी-उर्दूत हेच 'चारों शाने चित' असं म्हणतात, फारसीत शाना म्हणजे खांदा, आता अजून काय पुरावा पाहिजे! चार कसे, तर माझ्या मते दोन खांदे आणि दोन खुबे, माणूस पुरता उताणा पडला की चारही मातीला लागतात. आणि उताण्याला वर काय दिसतं? आभाळ. 'अस्मान दाखवणं' तिथलंच.

आता हिंसक बोलण्याचं. शड्डू ठोकणं, डावपेच, धोबीपछाड, निवडणुकीची अर्धी भाषा आखाड्यातली, कारण पश्चिम महाराष्ट्रात गावोगाव तालमी, पुढाऱ्याला आणि मतदाराला दोघांना ती न सांगता कळते. 2019 च्या विधानसभेला फडणवीस म्हणाले आमचे पैलवान तेल लावून तयार आहेत पण समोर कुणी नाही, त्यावर पवारांनी कुस्ती पैलवानाशी होते असं सुनावलं. याला मी हिंसक म्हणणार नाही, कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात हरलेला गडी उठतो, हात मिळवतो, पाठीची लाल माती झाडतो आणि पुढच्या मैदानाला परत येतो. हिंसक भाषा ती वेगळी: 1978 ला शरद पवार फुटून वसंतदादा पाटलांचं सरकार पडलं तेव्हापासून 'पाठीत खंजीर' आपल्याकडे ठाण मांडून बसलाय, आणि हल्लीचं 'कोथळा काढू', 'गाडून टाकू' यात तर समोरच्याने उठायचंच नाही. कार्यकर्त्यांना चेव यावा, क्लिप दिवसभर फिरावी म्हणून बोलतात, मला ते अजिबात पटत नाही.

बाकी 'मुंड्या' लिहिलंत तरी चालेल, बोलण्यात ढ चा ड कधीच झालाय, फक्त मुंडकी लिहू नका.