संवेग (वस्तुमान गुणिले वेग) आणि ऊर्जा माहीत असली की टकरीनंतर कण कुठे जातील हे सांगता येतं का?

समोरासमोर टक्कर असेल तर हो. आमच्या बडोद्यात दांडिया बाजारातल्या कॅरमवर १५ ग्रॅमचा स्ट्रायकर ५ ग्रॅमच्या सोंगटीवर नेमका मधोमध बसला आणि ऊर्जा वाया गेली नाही असं धरलं, तर स्ट्रायकरचा वेग निम्मा होतो आणि सोंगटी त्याच्या मूळ वेगाच्या दीडपटीने सुटते. (प्रत्यक्षात जरा कमीच, तो 'टक्' आवाज फुकट येत नाही.)

तिरक्या टकरीत अडतं. अज्ञात चार (टकरीनंतर दोघांच्या वेगाचे प्रत्येकी दोन घटक), समीकरणं तीन: संवेगाची दोन, ऊर्जेचं एक. चौथी माहिती म्हणजे स्ट्रायकर मध्यापासून किती बाजूला लागला. घर्षण नसेल तर सोंगटी दोन्ही केंद्रांना जोडणाऱ्या रेषेवरच जाते, आणि तिथून बाकीचं निघतं. तीन सोंगट्या एकदम भिडल्या तर एवढंही पुरत नाही.