नव्या माणसाबरोबर कंडोम वापरतो, जुन्या मित्राबरोबर नाही. मला एचआयव्हीची टेस्ट करायला हवी का?

हो, करून घ्या. जमलं तर मित्रालाही सोबत न्या.

तुम्ही लिहिलंय की मित्र दोन वर्षांपासूनचा आहे, लग्न झालेला, तब्येतीने धडधाकट, म्हणून त्याच्याबरोबर कंडोम लागत नाही. ॲपवर भेटलेल्याबरोबर मात्र न चुकता वापरता. मी सरकारी रुग्णालयाच्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, समुपदेशक आहे. कंडोम कशासाठी असतो हे माहीत नसलेला पुरुष आता क्वचितच समोर येतो. कंडोम सुटतो तो नेमका भरवशाच्या माणसाजवळ. पण या मित्राला बायको आहे, तुमच्यासारखा आणखी एखादा 'मित्र'ही असू शकतो, आणि त्याने शेवटची टेस्ट कधी केली हे तुम्ही विचारलेलं दिसत नाही. एचआयव्ही कित्येक वर्षं काहीच लक्षण दाखवत नाही. तब्येत बघून काय कळणार?

नॅको म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना. तिच्या 2017 च्या आकडेवारीत पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये लागण 2.7 टक्के होती, एकूण प्रौढांमध्ये 0.22. जोडीदाराला लागण असेल, त्याचे उपचार चालू नसतील आणि कंडोम नसेल, तर गुदमैथुनात बॉटमला (आत घेणाऱ्याला) लागण होण्याचा धोका 10,000 वेळांमागे साधारण 138 वेळा, टॉपला (आत घालणाऱ्याला) 11. गुदद्वाराच्या आतलं अस्तर नाजूक असतं, म्हणून हा फरक. तरी "मी तर टॉपच असतो" म्हणून निर्धास्त राहू नका. मुखमैथुनात धोका फारच कमी.

आणखी एक. आत जाताना त्रास होऊ नये म्हणून काय लावता? मला बहुतेक वेळा उत्तर मिळतं, खोबरेल नाहीतर व्हॅसलीन. तेलकट काहीही लावलं की कंडोमचं रबर, म्हणजे लॅटेक्स, लगेच कमकुवत होतं आणि कंडोम फाटतो. मेडिकलमधून वॉटर-बेस्ड जेल घ्या.

गावात कळेल ही तुमची भीती खरी आहे. पण 2017 च्या एचआयव्ही कायद्याने तुमच्या संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही आणि रिपोर्ट बाहेर फोडता येत नाही. तो कायदा 10 सप्टेंबर 2018 ला लागू झाला. त्याच्या चारच दिवस आधी सर्वोच्च न्यायालयाने समलैंगिक संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 मधून सज्ञानांचे राजीखुशीचे संबंध वगळले होते. रुग्णालयात ओळखीचं कोणी असेल तर सरळ शेजारच्या जिल्ह्यात जा. टेस्ट फुकट असते आणि रिपोर्ट बहुधा त्याच दिवशी मिळतो. गेल्या तीन महिन्यांत कंडोमशिवाय संबंध आला असेल तर निगेटिव्ह आल्यावरही तीन महिन्यांनी पुन्हा करा. आणि 72 तासांच्या आतली गोष्ट असेल तर हे वाचत बसू नका, रुग्णालय गाठा. 28 दिवसांच्या गोळ्यांनी लागण टाळता येते.

तिथे खरं सांगा. आमच्याकडे कितीतरी जण "बाईकडे गेलो होतो" म्हणतात, कारण ते सांगायला कमी लाज वाटते. मग डॉक्टर गुदद्वाराची तपासणी करत नाहीत आणि तिथला सिफिलिस या गुप्तरोगाचा व्रण तसाच राहतो. असा व्रण असला की एचआयव्हीचा धोका आणखी वाढतो, म्हणून सिफिलिसची टेस्टही मागून घ्या. समोरचा उपदेश झाडायला लागला तर उठून दुसरीकडे जा. समलैंगिकांसाठी काम करणाऱ्या संस्थाही आहेत: मुंबईत हमसफर ट्रस्ट 1994 पासून आहे, पुण्यात समपथिक ट्रस्ट आहे.

पॉझिटिव्ह निघालंच तर एआरटीच्या, म्हणजे विषाणू दाबून ठेवणाऱ्या, गोळ्या सरकारी केंद्रात 2004 पासून फुकट मिळतात. नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजण्याइतकाही उरला नाही आणि तसाच राहिला, तर संबंधांतून तो दुसऱ्याला लागत नाही. मला विचाराल तर कधीच टेस्ट न केलेल्या धडधाकट मित्रापेक्षा असा पॉझिटिव्ह जोडीदार कितीतरी सुरक्षित. निगेटिव्ह असाल आणि कंडोम नेहमी जमत नसेल, तर लागण होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायच्या प्रेपच्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा.

मित्राचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर त्याच्या बायकोचीही टेस्ट करावी लागेल, हे त्याला आधीच सांगून ठेवा. घरी काय आणि कसं बोलायचं याची तयारी समुपदेशक करून घेतात. आधी फोनवर विचारायचं असेल तर एड्स हेल्पलाइनचा 1097 लावा, पैसे पडत नाहीत.