त्याचं गृहकर्ज मी फेडू का?

पुण्याच्या एका वाचक ताई लिहितात: "नऊ वर्षं आम्ही एकत्र राहतो, लग्न केलेलं नाही. फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर आहे. माझी 18 लाखांची एफडी दोन महिन्यांनी पिकते. त्यातून त्याचं कर्ज फेडावं का? आणि निव्वळ पैशासाठी लग्न नोंदवायचं का? कायद्याने लग्नाला एवढा मान का द्यावा?"

ताई, आज आहे त्या स्थितीत हे पैसे देऊ नका.

तुम्ही ही रक्कम त्यांना भेट दिलीत, तर आयकराच्या लेखी तुम्ही त्यांच्या 'नातेवाईक' नाही. भेट 50,000 च्या वर गेली की सगळीच्या सगळी रक्कम त्यांच्या उत्पन्नात धरली जाते. ते 30 टक्क्यांच्या टप्प्यात असतील तर 5 लाख 40 हजार कर, वर उपकर. पत्नीने दिली असती तर शून्य. एवढं करूनही घरात तुमचा वाटा होत नाही. त्यांनी अर्धा फ्लॅट बक्षीसपत्राने तुम्हाला द्यायचा म्हटलं, तर महाराष्ट्रात पत्नीसाठी मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे. तुम्हाला मात्र खरेदीखतासारखं पूर्ण भरावं लागेल, शिवाय तुमच्यावर आयकर वेगळाच.

त्यांचं काही बरंवाईट झालं तर? तुम्ही दोघं हिंदू आहात आणि त्यांच्या आई हयात आहेत, असं तुम्ही लिहिलंय. मूल आणि मृत्युपत्र नसेल तर 1956 च्या उत्तराधिकार कायद्याने फ्लॅट पूर्ण आईंचा. सोसायटीत तुमचं नॉमिनेशन असलं तरी नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. लग्न झालं तरी आईंचा अर्धा हिस्सा राहतोच, म्हणून लग्न करा वा न करा, मृत्युपत्र हवंच. दोन साक्षीदार पुरतात, मुद्रांक लागत नाही, आणि मृत्युपत्राने मिळालेल्या मालमत्तेवर वरचा भेटीचा करही नाही. फक्त ते कधीही बदलता येतं, हे लक्षात ठेवा. ईपीएस, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजनेत, पत्नी किंवा मुलं नसलेल्या सदस्याला पेन्शनसाठी नॉमिनी नेमता येतो.

तुमचा शेवटचा प्रश्न मला मनापासून पटतो. नऊ वर्षांच्या संसारापेक्षा एका नोंदीला जास्त वजन असावं, हे मला अन्यायाचं वाटतं. दोन सज्ञान माणसांना एकमेकांना वारस आणि 'नातेवाईक' म्हणून नोंदवण्याची सोय कायद्यात हवी. समलिंगी जोडप्यांना तर लग्नाचीही वाट नाही. 17 ऑक्टोबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क नाकारला. 2024 मध्ये संयुक्त बँक खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला हरकत नाही, असा खुलासा सरकारने केला, पण वारसाहक्क तिथेही नाहीच.

तुम्हाला मात्र निवड आहे. लग्न मनात नसेल तर पैशासाठी करू नका. तसं ठरलं तर 18 लाख लेखी कर्ज म्हणून द्या, बँकेतूनच, परतफेडीच्या अटी घालून. आणि दोघांची मृत्युपत्रं त्याच आठवड्यात करा. लग्न करायचंच असेल तर विशेष विवाह कायद्याची नोटीस 30 दिवसांची असते. एफडीला दोन महिने आहेत, म्हणजे निर्णयाला जवळजवळ महिना हाताशी आहे.