फोन परत द्या, मग परीक्षेचं बोलू

प्रश्न : माझी मुलगी संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेलं सव्वा वर्ष ती एका मुक्त सॉफ्टवेअरच्या पॅकेज मॅनेजरचं, म्हणजे इतर प्रोग्रामचे तयार गठ्ठे (पॅकेजेस) आणून बसवणाऱ्या प्रोग्रामचं, डॉक्युमेंटेशन सांभाळते. तो कसा बसवायचा, त्याच्या सर्व्हरवर खातं कसं उघडायचं, पॅकेज कसं चढवायचं, फोन हरवला तर खातं कसं परत मिळवायचं, अशी पानं. पैसे मिळत नाहीत, फुकटचं काम आहे. गुण ८.१ वरून ७.४ वर आले. मागच्या आठवड्यात एका वाक्यासाठी तिने दोन संध्याकाळी घालवल्या. ते वाक्य आधी कसं होतं आणि नंतर कसं झालं, दोन्ही सोबत जोडलं आहे. ज्यांना कोडिंग जमत नाही ते डॉक्युमेंटेशन करतात, एवढं मलाही कळतं. परीक्षेपर्यंत तिचा फोन मी ठेवून घेतला आहे आणि त्या प्रकल्पाच्या खात्याचा पासवर्ड बदलला आहे. पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा, एमबीए की सरळ नोकरी, काय योग्य ठरेल? हे पत्र तिला न सांगता लिहितो आहे. – एक पालक

उत्तर :

नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. गुणांच्या ओळीवर फार थांबले नाही. जवळजवळ पाऊण गुण खाली येणं दखल घेण्याजोगं आहे, घाबरण्याजोगं नाही, आणि त्याबद्दल पुढे लिहितेच. मी थांबले ती फोन आणि पासवर्डच्या ओळीवर.

तुमची मुलगी सज्ञान आहे. तिचं खातं तिला न विचारता बंद करणं ही शिस्त नव्हे. घरात तिच्या शब्दाला किंमत नाही, असं तुम्ही तिला सांगितलंत. हे मी स्पष्टच लिहिते, कारण पुढचा कुठलाही सल्ला या एका गोष्टीपाशी अडणार आहे. ज्या मुलीचा पासवर्ड वडिलांनी बदलला, ती त्याच वडिलांनी निवडलेल्या परीक्षेचा अभ्यास मनापासून करेल, अशी आशा कशाच्या जोरावर धरायची?

हा प्रश्न फक्त तुमच्या घराचाही नाही. अशा प्रकल्पात पानं बदलण्याचा अधिकार पहिल्या दिवशी कोणी देत नाही. आधी शुद्धलेखनाच्या दोन-चार चुका दुरुस्त करून पाठवायच्या, त्या कोणीतरी तपासून स्वीकारायच्या, मग मोठे बदल, मग इतरांनी पाठवलेले बदल तपासायचे, असं करत कित्येक महिन्यांनी किल्ली हातात येते. तिथे तिला चेहऱ्याने ओळखणारं बहुधा कोणी नाही. ओळख आहे ती कामाची आणि वेळेवर दिलेल्या उत्तरांची. अशा माणसाने एक दिवस काही न सांगता गप्प होणं आणि त्याच सुमारास त्याच्या खात्याचा पासवर्ड बदलणं, याकडे तिथली माणसं धास्तीने बघतात, आणि त्यांचं चुकत नाही. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड युटिल्स या, फायली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एक चोरवाट सापडली. ती घालणाऱ्याने दोनएक वर्षं इमाने इतबारे काम करून आधी सहमेंटेनरची, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्यांपैकी एकाची, जागा मिळवली होती. तेव्हापासून मेंटेनरचं खातं कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न सगळीकडे फार गंभीरपणे घेतला जातो. तुम्ही बदललेला पासवर्ड हा त्या प्रकल्पाच्या दृष्टीने सुरक्षेचा प्रसंग आहे.

फोनचंही तेच. आज अशा सेवांवर नुसता पासवर्ड पुरत नाही, दुसरी खूण लागते आणि ती बहुतेकांच्या फोनवरच असते. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या पॅकेजेसचं भांडार असलेल्या पायपीआयने १ जानेवारी २०२४ पासून ही दुहेरी ओळख सगळ्यांना सक्तीची केली. फोन काढून घेतल्यावर तुमची मुलगी स्वतःच्या कामाच्या दाराबाहेर उभी राहते. ‘फोन हरवला तर’ हे पानही तीच सांभाळते, असं तुम्ही लिहिलं आहे. ते पान उघडणारा माणूस घाबरलेला असतो. त्याला प्रस्तावना नको असते, पहिल्या ओळीत पुढची कृती हवी असते. आता ते पान तिला माझ्यापेक्षा आणि तुमच्यापेक्षा नीट कळत असेल, पण हे शिकण्याची ही रीत नव्हती.

आता त्या वाक्याकडे येते. मूळ मजकूर इंग्रजीत आहे, मी त्याचा अर्थ मराठीत मांडते. आधी पानावर होतं : ‘चुकीची आवृत्ती प्रसिद्ध झाली असेल तर ती काढून टाका.’ तिने केलं : ‘चुकीची आवृत्ती मागे घ्या, पुसू नका. मागे घेतलेली आवृत्ती नव्याने येणाऱ्यांना मिळत नाही, पण ज्यांनी नेमकी तीच आवृत्ती नोंदवून ठेवली आहे त्यांचं काम चालू राहतं. पुसलेली आवृत्ती कोणालाच मिळत नाही, आणि त्याच नावाची फाइल पुन्हा चढवता येत नाही.’

हे लिहायला दोन संध्याकाळी लागल्या याचं मला आश्चर्य वाटत नाही. यातला एकही शब्द अंदाजाने लिहिता येत नाही. चाचणीच्या सर्व्हरवर एखादं खोटं पॅकेज चढवायचं. ते मागे घ्यायचं, दुसऱ्या मशीनवर बसवून बघायचं. आवृत्तीचा आकडा न देता मागितलं तर काय येतं, आकडा देऊन मागितलं तर काय येतं, हे ताडून बघायचं. मग ते पुसायचं, त्याच नावाने पुन्हा चढवायचा प्रयत्न करायचा आणि सर्व्हर नकार देतो हे डोळ्यांनी बघायचं. नकार का देतो, हे सर्व्हरच्या कोडमध्ये जाऊन वाचायचं. आणि हे सगळं तीन सरळ वाक्यांत बसवायचं, कारण वाचणाऱ्याच्या हातून आधीच चूक झालेली आहे आणि त्याला घाई आहे.

एवढा आटापिटा कशासाठी, तेही सांगते. २०१६ च्या मार्चमध्ये एनपीएम या जावास्क्रिप्ट भाषेच्या पॅकेजेसच्या भांडारातून एका लेखकाने आपली सगळी पॅकेजेस काढून घेतली. त्यात लेफ्टपॅड नावाचं एक होतं, जेमतेम अकरा ओळींचं. मजकुराच्या डाव्या बाजूला मोकळी जागा किंवा शून्यं भरायची, एवढंच त्याचं काम. पण हजारो प्रकल्प थेट किंवा आडवळणाने त्या अकरा ओळींवर उभे होते, आणि ते तयारच होईनात. शेवटी एनपीएमला ते पॅकेज स्वतः परत ठेवावं लागलं आणि नंतर नियम बदलावे लागले. आज तिथे प्रसिद्ध केलेलं पॅकेज सहजपणे काढायला ७२ तासांची मुदत आहे, आणि तेवढ्यातही दुसरं कोणी त्यावर विसंबून नसेल तरच. ‘काढून टाका’ आणि ‘मागे घ्या’ या दोन क्रियापदांतलं अंतर एवढं आहे. तुमच्या मुलीने ते ओळखलं. तुम्ही ते वाक्य तक्रार म्हणून जोडलंत. माझ्या हातात तिच्या नोकरीचा अर्ज असता तर मी तेच वाक्य सगळ्यात वर ठेवलं असतं.

आता तुमचा तो समज, की कोडिंग न जमणारे डॉक्युमेंटेशन करतात. हा समज मी पालकांकडूनच नव्हे, प्राध्यापकांकडूनही ऐकते, आणि तो मुळापासून चुकीचा आहे. डेबियन ही लिनक्सवरची मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम बनवणारा, १९९३ पासून चालत आलेला प्रकल्प घ्या. त्याच्या धोरणात लिहिलेलं आहे की प्रत्येक प्रोग्रामसोबत त्याचं मॅन्युअलचं पान असावं, आणि नसेल तर तो बग, म्हणजे प्रोग्राममधला दोष, धरला जाईल. मुद्दाम सांगते, बग हाच शब्द. म्हणजे प्रोग्राम उत्तम चालतो, पण तो कसा वापरायचा हे लिहिलेलं नाही, तर काम सदोष आहे. शिवाय पान एकदा लिहिलं की संपलं, असंही नाही. २०२३ च्या जूनमध्ये डेबियन १२ आलं आणि त्यात पिपने, म्हणजे पायथनची पॅकेजेस बसवणाऱ्या प्रोग्रामने, थेट सिस्टिमच्या पायथनमध्ये पॅकेज बसवणं डीफॉल्टने अडवलं गेलं, कारण सिस्टिमचा स्वतःचा पॅकेज मॅनेजर आणि पिप एकमेकांच्या फायलींवर पाय देत होते. निर्णय योग्य होता. पण वर्षानुवर्षं ‘ही कमांड टाका’ असं सांगणारी असंख्य पानं तिथे चुकीची ठरली, त्यांतला एक शब्दही न बदलता. लोकांना समोर एरर दिसली, त्या एररमध्येच अडवणूक मोडून काढणारा पर्याय दिसला, आणि अनेकांनी तो तसाच उचलून वापरला. सिस्टिम मोडू शकते हे त्या पर्यायाच्या नावातच लिहिलेलं आहे, तरीही. अशा वेळी मेंटेनरला दोन्ही बाजू समजाव्या लागतात. आत काय बदललं हे कोड वाचून, आणि बाहेर माणूस कुठे अडतो हे त्याचे प्रश्न वाचून. पहिलं येणारे खूप आहेत. दोन्ही येणारे मी फार थोडे पाहिलेत.

‘फुकटचं काम’ याबद्दल थोडक्यात. इंग्रजीत फ्री या शब्दाने घोटाळा होतो, मराठीत आपल्याकडे मुक्त आणि फुकट असे दोन सरळ वेगळे शब्द आहेत, ते वापरावेत. मुक्त म्हणजे कोणालाही वापरायला, अभ्यासायला, बदलायला आणि वाटायला मोकळीक असलेलं. त्यावर काम करणाऱ्याला पगार मिळू नये असा काही नियम नाही. पायपीआयच्या सुरक्षेसाठी आणि वापरकर्त्यांच्या मदतीसाठी पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनने पगारी माणसं नेमली आहेत. आउटरीची सारख्या उपक्रमात मानधनावर घरबसल्या काम करता येतं आणि त्यात डॉक्युमेंटेशनचेही प्रकल्प असतात. त्याच्या पात्रतेच्या आणि वेळेच्या अटी मात्र कडक आहेत, त्या तिने स्वतः वाचाव्यात.

गुणांबद्दल तुमची काळजी खोटी नाही. ७.४ च्या खाली गेलं तर काही दारं नुसत्या चाळणीने बंद होतात. पण त्याचा उपाय काम तोडणं हा नाही, काम वाटून देणं हा आहे. सव्वा वर्ष एकटीने पानं सांभाळणाऱ्या माणसाला दुसरा मेंटेनर लागतोच. तिने प्रकल्पात सरळ लिहावं : परीक्षेपर्यंत मी आठवड्यातून एक संध्याकाळ देऊ शकते, नव्या बदलांची तपासणी कोण घेईल? मुक्त प्रकल्पात असं लिहिण्यात काहीही कमीपणा नाही. न लिहिता रात्री जागून ओढत राहणं हे मात्र तिच्याही आणि प्रकल्पाच्याही वाईटाचं.

तिच्यासाठीही एक कडक गोष्ट आहे. ती फक्त वाक्यं सुधारत असेल तर हा रस्ता अरुंद आहे, आणि माझ्या मते तो आणखी अरुंद होत जाणार. बरी वाक्यं आता यंत्रंही लिहून देतात. त्यांना जे आपोआप येत नाही ते म्हणजे कालच्या रिलीजनंतर पानावरचं कुठलं वाक्य खोटं ठरलं, हे करून बघणं. म्हणून तिने पानांतल्या कमांड आपोआप चालवून बघणाऱ्या चाचण्या लिहायला शिकावं, सर्व्हरचा कोड वाचत राहावं, आणि पान लिहिताना सापडलेले बग स्वतः दुरुस्त करून पाठवावेत. मग टेक्निकल रायटर, डेव्हलपर सपोर्ट, बिल्ड आणि रिलीज इंजिनिअरिंग, सॉफ्टवेअरच्या पुरवठा साखळीची सुरक्षा, अशी बरीच दारं तिला आपोआप दिसू लागतील. सव्वा वर्षाच्या नोंदी तिच्या नावावर तारखेनिशी जाहीर आहेत. असा पुरावा कॅम्पस मुलाखतीला येणाऱ्या फार कमी मुलांकडे असतो.

पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा तिला संशोधनाची किंवा सिस्टिम्सची ओढ असेल तर जरूर द्यावी, नसेल तर नको. एमबीएचा विचार दोन-तीन वर्षं नोकरी केल्यानंतर. यापेक्षा जास्त या प्रश्नाचं उत्तर मी तुम्हाला देणार नाही, कारण तो प्रश्न तुमचा नाही. तिला माझा सल्ला हवा असेल तर तिने स्वतः लिहावं, मी सविस्तर उत्तर देईन.

फोन आज परत द्या. पासवर्ड तिच्यासमोर तिलाच बदलू द्या, आणि प्रकल्पाला काय झालं ते कळवायचं की नाही, किती कळवायचं, हे तिला ठरवू द्या. हे पत्र लिहिल्याचंही तिला सांगा.

आणि येत्या सुट्टीच्या दिवशी एक काम करा. तिने लिहिलेलं ‘कसा बसवायचा’ हे पान उघडा आणि तुमच्या स्वतःच्या संगणकावर पहिल्या ओळीपासून तसंच्या तसं करत जा. तिला शेजारी बसू द्या, पण तिने बोलायचं नाही, माऊसला हात लावायचा नाही. तुम्ही जिथे अडाल, ती ओळ कागदावर लिहून तिच्या हातात द्या. सव्वा वर्ष ती ज्याच्यासाठी लिहिते आहे तो वाचक तिला समोर बसलेला क्वचितच मिळाला असेल.