गॅसचा ड्रायर खरोखर स्वस्त पडतो का?

प्रश्न : आम्ही ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर अकराव्या मजल्यावर राहतो. पावसाळ्यात दांडीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि त्यांना कुबट वास येतो. न्यू जर्सीतील माझ्या भावाच्या मते गॅसचा ड्रायर विजेच्या ड्रायरपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो. आमच्याकडे पाइपचा गॅस आहे, तर विजेचा वापर महिन्याला सुमारे 260 युनिट आहे. आम्ही कोणता ड्रायर घ्यावा? — एक वाचक, ठाणे

उत्तर : आपल्या भावाचे म्हणणे खोटे नाही, परंतु ते आपल्या घराला जसेच्या तसे लागू पडत नाही. पाच किलो सुती कपडे मशीनने पिळल्यावरही त्यांत साधारण तीन लिटर पाणी उरते. त्याची वाफ करण्यास निव्वळ उष्णता सुमारे 2 युनिट, आणि वाया जाणारी उष्णता धरता सुमारे साडेतीन युनिट लागते, मग ती गॅसची असो वा विजेची. एक घनमीटर नैसर्गिक वायूतून साधारण 10 युनिटांइतकी उष्णता मिळत असल्याने गॅसच्या दराला दहाने भागून आलेला आकडा विजेच्या युनिटाच्या दराशी ताडून पाहावा.

विजेचा हा दर मात्र बिलाच्या एकूण रकमेस युनिटांनी भागून काढू नये. स्थिर आकार ड्रायर नसतानाही भरावाच लागतो. उलट ड्रायरची युनिटे आधीच्या वापरावर चढत असल्यामुळे त्यांना आपल्या वरच्या टप्प्याचा दर, वहन आकार (वीज घरापर्यंत वाहून आणण्याचा आकार) आणि 16 टक्के विद्युत शुल्क लागते. महावितरणचे घरगुती टप्पे 100, 300 व 500 युनिटांवर बदलतात. महिन्यातून पंधरा वेळा ड्रायर लावल्यास सुमारे 52 युनिटे वाढतील आणि आपण 300 ची वेस ओलांडाल.

समजा, सर्व आकारांसह वीज 12 रुपये युनिट आणि गॅस 50 रुपये घनमीटर आहे. तर एका खेपेस साध्या विजेच्या ड्रायरला 42 रुपये, आणि गॅसच्या ड्रायरला, त्याच्या मोटर-पंख्याची वीज धरूनही, सुमारे 21 रुपये पडतील. येथवर भाऊच जिंकतात! परंतु विजेवरच चालणारा हीट पंपाचा ड्रायर तीच उष्णता पुन्हा वापरतो आणि साधारण दीड युनिटात, म्हणजे 18 रुपयांत, काम भागवतो. त्याची किंमत अधिक असते व वेळही जास्त लागतो, तरी मी आपणास तोच सुचवेन. गॅसच्या ड्रायरमधून ज्वलनाचे वायू बाहेर पडत असल्याने त्याला थेट इमारतीबाहेर जाणारी नळी अनिवार्य असते, आणि स्वयंपाकघरातील गॅसजोडणीला तो परस्पर जोडणे धोक्याचे आहे.

खरेदीपूर्वी आपल्या धुलाई यंत्राची पिळण्याची गती अवश्य पाहावी. मिनिटाला 800 ऐवजी 1400 फेऱ्यांवर पिळल्यास एवढ्याच कपड्यांतून सुमारे लिटरभर पाणी अधिक निघते आणि ड्रायरचा खर्च त्या प्रमाणात घटतो.