उंदराच्या मेंदूत डोपामिन नेमकं कुठं असतं, आणि त्याचे रिसेप्टर पण तिथंच असतात का?

तुम्ही लिहिलंय की एम.एस्सी.चा सेमिनार आहे, एका चित्रात डोपामिन (मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला सोडतात ते रसायन) सबस्टॅन्शिया नायग्रात, म्हणजे मेंदूच्या मधल्या भागातल्या एका पट्ट्यात दाखवलंय, दुसऱ्यात स्ट्रायटममध्ये, म्हणजे त्याच्या पुढच्या, मेंदूच्या आतल्या एका मोठ्या भागात, आणि तिसऱ्यात डी१ रिसेप्टर (डोपामिन पकडणाऱ्या प्रोटीनचा एक प्रकार) परत नायग्रातच पण वेगळ्या पट्ट्यात, तर खरं कोणतं. तिन्ही खरी आहेत बघा. डोपामिन बनतं कुठं, सोडलं जातं कुठं आणि पकडलं जातं कुठं हे तीन वेगळे नकाशे आहेत. एम.फार्म.ला असताना मला पण हे कुणी सुटं करून सांगितलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. उंदीर म्हणजे इथं रॅट, माऊस नाही.

तुम्ही परभणीचे, म्हणजे जायकवाडीचा डावा कालवा माहिती असणारच. पाणी साठतं पैठणला आणि रान भिजतं पार तुमच्याकडं. मेंदूत पण तसंच आहे, साठा एकीकडं आणि भिजणारं रान दुसरीकडं.

धरण म्हणजे मिडब्रेन, मेंदूचा मधला भाग. १९६४ साली डालस्ट्रॉम आणि फुक्से या स्वीडनच्या दोघांनी उंदराच्या मेंदूचे काप फॉर्मल्डिहाइडच्या वाफेत ठेवून मायक्रोस्कोपखाली बघितले, तर डोपामिनच्या आणि त्याचं भावंड असलेल्या नॉरॲड्रेनालिनच्या पेशी हिरव्या चमकल्या, आणि त्यांनी या जातीच्या पेशींच्या गटांना ए१, ए२ असे नंबर दिले ते आजपर्यंत चालू आहेत. तुमच्या कामाचे तीन, ए८ म्हणजे रेट्रोरुब्रल भाग, ए९ म्हणजे सबस्टॅन्शिया नायग्रा, ए१० म्हणजे व्हीटीए (व्हेंट्रल टेगमेंटल एरिया, नायग्राच्या शेजारचा भाग). तिन्हींत मिळून, दोन्ही बाजू धरून, पेशी किती? चाळीस-पंचेचाळीस हजार. आणि उंदराच्या अख्ख्या मेंदूत न्यूरॉन, म्हणजे मेंदूतल्या निरोप देणाऱ्या पेशी, साधारण २० कोटी. एवढ्या थोड्या पेशींवर हालचाल, शिकणं, एखादी गोष्ट हवीशी वाटणं, सगळं टेकलेलं आहे. पहिल्यांदा मी टीएच (टायरोसिन हायड्रॉक्सिलेज, डोपामिन बनवायला लागणारं एन्झाइम) रंगवलेला काप बघितला तेव्हा तो तपकिरी पट्टा इतका बारीक होता की मी सरांना विचारलं, एवढंच का?

एवढ्यात भागतं कसं, तर फांद्यांमुळं. २००९ साली नायग्राचा एकेक न्यूरॉन वेगळा रंगवून मोजला तेव्हा स्ट्रायटममधली एकट्याच्या ॲक्सॉनची, म्हणजे निरोप बाहेर नेणाऱ्या तारेची, सगळ्या फांद्या धरून लांबी सरासरी अर्ध्या मीटरच्या जवळ भरली. मेंदू दोन ग्रॅमचा आणि एका पेशीची तार अर्धा मीटर! म्हणून डोपामिन मोजायला गेलं की सगळ्यात जास्त स्ट्रायटममध्येच सापडतं, पेशी तिथं नसून सुद्धा. ए९ मुख्यतः वरच्या स्ट्रायटमला जातं, ए१० खालच्या न्यूक्लियस अकम्बन्सला, ऑलफॅक्टरी ट्युबरकलला आणि थोडं प्रीफ्रंटल कॉर्टेक्सला. कॉर्टेक्सला मिळणारा वाटा स्ट्रायटमच्या मानानं फारच कमी आहे, टेलच्या शेतकऱ्यासारखा. आणि डोपामिन फक्त सिनॅप्सपुरतं, म्हणजे दोन पेशींच्या जोडापुरतं, राहत नाही, कालव्याचं पाणी जसं बाजूच्या रानात पाझरतं तसं ते आजूबाजूला पसरतं, म्हणून बरेच रिसेप्टर सिनॅप्सच्या बाहेरच बसलेले असतात.

आता रिसेप्टर. प्रकार पाच, पण गट दोनच. डी१ आणि डी५ पेशीतलं सायक्लिक एएमपी (पेशीच्या आत निरोप पुढं नेणारा रेणू) वाढवतात, डी२, डी३, डी४ कमी करतात. स्ट्रायटममधले ९५ टक्क्यांच्या आसपास न्यूरॉन एकाच जातीचे, मीडियम स्पायनी म्हणतात ते. १९९० मध्ये उंदरातच दाखवलं गेलं की यांचे ढोबळमानानं दोन अर्धे पडतात, डी१ वाले आपली तार थेट नायग्राच्या रेटिक्युलाटा नावाच्या खालच्या पट्ट्यात पाठवतात आणि डी२ वाले ग्लोबस पॅलिडस या स्ट्रायटमच्या शेजारच्या भागाला.

तुमचं तिसरं चित्र इथं सुटतं. रेटिक्युलाटात डी१ चा एमआरएनए (ज्याच्यावरून पेशी प्रोटीन बनवते ती प्रत) शोधला तर काहीच दिसत नाही, पण डी१ ला चिकटणारं रेडिओॲक्टिव्ह औषध टाकून फिल्म काढली की तोच पट्टा काळाकुट्ट. कारण तो रिसेप्टर तिथल्या पेशींचा नाहीच, तो स्ट्रायटममध्ये तयार होऊन ॲक्सॉनच्या टोकापर्यंत वाहून आणलेला आहे. मग तिथं डोपामिन कोण देतं? नायग्राच्याच शेजारच्या कॉम्पॅक्टा पट्ट्यातल्या डोपामिनच्या पेशींचे डेंड्राइट, म्हणजे एरवी निरोप घेणाऱ्या फांद्या, रेटिक्युलाटात खाली उतरलेले असतात आणि ते डेंड्राइटमधूनच डोपामिन सोडतात. मला तर या सगळ्या विषयात हीच गोष्ट सगळ्यात सुंदर वाटते. म्हणून चित्र बघताना आधी खाली वाचा की एमआरएनए दाखवलाय का प्रोटीन, नाहीतर दोन बरोबर चित्रं एकमेकांना खोटं पाडतात असं वाटत राहतं.

डी२ बद्दल एक लक्षात ठेवा, तो डोपामिन बनवणाऱ्या पेशींवर पण असतो. डोपामिन वाढलं की तोच त्या पेशीला थांब म्हणतो. डी३ कॅलेहाच्या बेटांमध्ये (ऑलफॅक्टरी ट्युबरकलमधले पेशींचे छोटे पुंजके) आणि अकम्बन्सच्या शेलमध्ये, म्हणजे बाहेरच्या भागात, डी४ कमी प्रमाणात, प्रीफ्रंटल आणि हिप्पोकॅम्पसकडं, डी५ पण हिप्पोकॅम्पसमध्ये, एवढं पुरे.

आणि डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन असं स्लाइडवर कृपा करून टाकू नका. हायपोथॅलॅमसमधला ए१२ गट डोपामिन सोडतो ते रक्तातून पिट्युटरीला जातं, तिथल्या डी२ वर बसतं आणि प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध तयार करायला लावणारं हार्मोन, दाबून धरतं. यात आनंदाचा काय संबंध? तेच रसायन, तोच रिसेप्टर, पण जागा बदलली की काम बदललं.

माणसाबद्दल कुणी विचारलंच तर मिडब्रेन ते स्ट्रायटम हा भाग बराचसा जुळतो म्हणा, पण कॉर्टेक्स नाही. उंदरात डोपामिनच्या तारा कॉर्टेक्सच्या ठराविक भागांतच जातात, माकडात आणि माणसात त्या कितीतरी जास्त पसरलेल्या आहेत. नायग्राचा रंग पण तसाच, माणसात मेलॅनिनमुळं नुसत्या डोळ्यांना काळा दिसतो, उंदराचा काप हातात घेतला तर तसा काळा पट्टा शोधत बसू नका, रंगवल्याशिवाय सापडणार नाही.

सेमिनारला वेळ वीस मिनिटंच असेल तर फक्त स्ट्रायटम आणि नायग्रा घ्या, एकाच कापाचे तीन फोटो शेजारी लावा, टीएच, डी१ चा एमआरएनए, डी१ चं बाइंडिंग, आणि रेटिक्युलाटावर बोट ठेवून तिथूनच बोलायला सुरुवात करा.